जासईवाल्याचा डावा हात

बॉक्सिंगची मॅच सुरू व्हायच्या आधी मी समोरच्या माणसाच्या ग्लोव्हजचा वास घ्यायचो. कोणी मिरचीचं पाणी चोळलं असेल आणि डोळ्यात गेलं तर काय घ्या, म्हणून. आमचे मास्तर डोक्याला हात लावायचे. कोपऱ्यात प्यायचं पाणी मी घरून न्यायचो, बाटलीचं बूच स्वतःच्या हाताने दाबून बसवलेलं. वजनाचा काटा आला की आधी रेशन दुकानातलं शिक्क्याचं वजन त्यावर ठेवून दाखवा म्हणायचो. एकदा उरणला असाच हट्ट धरला, तेव्हा काटा खरोखरच अर्धा किलो जास्त दाखवत होता. त्या दिवसापासून माझं तोंड कोणाला धरता आलं नाही.

हा गुण घरचाच. आई करावे गावातून डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायला जायची आणि गिऱ्हाईक नोट काढायच्या आधी त्याचा चेहरा वाचायची. वडिलांची भातशेती आणि मिठागरातला वाटा नव्या शहरासाठी गेला होता. मोजणी झाली त्या दिवशी मोजणाऱ्यांसाठी चहा सांगायला ते घरी आले, आणि तेवढ्या वेळात साखळी कुठे धरली गेली ते त्यांनी पाहिलं नाही. एक बांध कमी धरला, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. खरं-खोटं देव जाणे. मी मात्र त्यातून एवढंच शिकलो की मोजणी चालू असताना चहा सांगायला जायचं नाही.

मास्तर नौदलातून निवृत्त झालेले. बायकोचं माहेर आमच्या गावात, म्हणून इथेच घर बांधून राहिले. त्यांनी मिठागराच्या सुकलेल्या जागेवर चार बांबू ठोकले, होडीचा जुना दोर तीन पदरांनी ओढला, त्यावर गावातल्या बायांकडून मागून आणलेली जुनी लुगडी गुंडाळली आणि आम्हाला बॉक्सिंग शिकवायला लागले. गाव त्याला फायटिंग म्हणायचं. सत्तर-पंच्याहत्तरनंतरचे दिवस होते ते. शेती गेलेली, शहर अजून नकाशात. आमच्या हातांना काम नव्हतं, तेवढं तरी काम मिळालं. मी सत्तावन्न किलोच्या आतला. हात लांब, पाय बरे, आणि मास्तरांच्या शब्दांत सांगायचं तर डोकं पोलिसाचं.

जासईवाला मला पहिल्यांदा भेटला तो उरणला, जत्रेच्या वेळी भरवलेल्या स्पर्धेत. माझ्याच वयाचा, माझ्याच वजनाचा, अंगाने थोडा बुटका. वडील उरणच्या डेपोत नोकरीला. दात पुढे, आणि सारखा हसायचा. रिंगमध्ये हसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पहिला राउंड माझा झाला. दुसऱ्या राउंडच्या मध्यात त्याचा डावा हात हळूहळू खाली यायला लागला. दमलाय, असं वाटलं. गालाजवळची सगळी बाजू उघडी. मी आत शिरलो आणि उजवा टाकला. त्याचा डावा दमलाबिमला काही नव्हता. तो मुद्दाम खाली घेतला होता. मी जिथे मारायला गेलो तिथून त्याचं डोकं केव्हाच सरकलं होतं आणि त्याचा उजवा हात माझ्या जबड्यावर येऊन बसला होता. आकडे मोजणारा रेफ्री मला पाण्याखालून बोलतोय असा ऐकू आला.

"दार उघडं दिसलं आनि तू आत गेला," मास्तर म्हणाले. "कुत्रा पन आधी हुंगतो."

हे वाक्य मला फार लागलं. मी, ग्लोव्हज हुंगणारा माणूस, आणि मलाच हे ऐकावं लागलं!

वर्षभर मी एकच गोष्ट घोकली. मास्तर मुद्दाम डावा हात खाली घ्यायचे आणि मी आत शिरलो नाही की शाबासकी द्यायचे. शिरलो तर कानाखाली. सकाळी खाडीच्या बांधावर पळताना, दुपारी घरात पडल्या पडल्या, मला तो खाली येणारा डावा हात दिसायचा आणि मी मनातल्या मनात एक पाऊल मागे घ्यायचो. पुढच्या वर्षी आमच्याच गावच्या शाळेच्या मैदानावर आम्ही परत उभे राहिलो. त्याने तीनदा हात खाली घेतला. तिन्ही वेळा मी लांब राहिलो आणि लांबूनच त्याच्या तोंडावर डावे ठोसे मोजत गेलो. निकाल माझ्या बाजूने लागला, तोही काठावर. जासईची माणसं रेफ्रीला घेरून उभी राहिली. रेफ्री करावेकरांच्या घरी जेवला होता, असं त्यांचं म्हणणं. जेवला होता हे खरं. सुरमई होती. पण त्यामुळे त्याने पॉइंट दिले असं म्हणायला पुरावा नव्हता, आणि नसलेला पुरावा मी तरी कशाला शोधू?

त्यानंतर दोन्ही गावांत हे वैर चांगलंच मुरलं. आमच्याकडची माणसं त्यांच्या वाटेवर गेली की कोणी ना कोणी हात खाली करून दाखवायचा. त्यांच्याकडची माणसं आमच्या बाजूला आली की आम्ही विचारायचो, जेवून जाणार का.

अशात मामा स्थळ घेऊन आला. माझ्या धाकट्या बहिणीसाठी. मुलगा जासईचा.

मामाने जासईवाल्याचंच नाव घेतलं तेव्हा मी ओट्यावर बसून हाताला पट्टी गुंडाळत होतो. मनात पाल चुकचुकली, म्हणजे अगदी मोठ्याने. कारण त्याच महिन्यात बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्याने आपली बॉक्सिंगची टीम उभी करायचं ठरवलं होतं. आमच्या वजनात एकच जागा. वाशीला मॅच ठेवली होती, मी आणि जासईवाला, जो जिंकेल त्याला कायम नोकरी. हेल्परची का होईना, पण कायम. गणवेश, कॅन्टीन, घरात दर महिन्याला येणारा पगार. आमच्या घरात शेती गेल्यापासून असा एकही माणूस नव्हता जो सकाळी ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी जाईल. आणि नेमकं आत्ताच यांना माझी बहीण दिसली?

"लगीन येगलं, फायटिंग येगली," वडील म्हणाले.

"जावयावर हात उचलनार हा?" आई म्हणाली.

आमच्याकडे जावयाचा मान म्हणजे काय ते सांगायला हवं. जावई घरी आला की सासरा खाट सोडतो. मेव्हणा त्याच्या पायावर पाणी घालतो. जावई चुकला तरी त्याला कोणी चुकला म्हणत नाही, फार तर बायका चुलीपाशी म्हणतात. त्या माणसाच्या नाकावर भर मैदानात ठोसा मारायचा, हे आईच्या डोक्यात बसेना. आणि मारला नाही तर नोकरी जाणार, हे माझ्या डोक्यातून जाईना.

मामाने यातून वाट काढली. मामाला वाटा काढायची भारी हौस. "साखरपुडा फायटिंगच्या फुडल्या रविवारी ठेवू," तो म्हणाला. "म्हंजे फायटिंगच्या दिवशी तो जावई नसल. काय मारामारी करायची ती करून घ्या. मंग नारल देऊ." दोन्ही घरांना हे पटलं. सगळ्यांनी मामाच्या डोक्याची तारीफ केली. मलाही पटलं, आणि मला पटलं म्हणूनच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

झालं असं की वाशीच्या मॅचला बोलावलेल्या मोठ्या पाहुण्यांना ती तारीख जमेना. मॅच पंधरा दिवस पुढे गेली. साखरपुडा मात्र जिथल्या तिथे राहिला, कारण भटजींना सांगून झालं होतं, दोन्ही गावांत आमंत्रणं गेली होती, आणि साखरपुडा पुढे ढकलला तर मुलीत काही खोट आहे अशी कुजबुज झाली असती. मामाचं गणित उलटं पडलं. मॅचच्या आठवडाभर आधी जासईवाला आमचा रीतसर जावई होऊन बसला.

साखरपुड्याला बहिणीचा भाऊ म्हणून त्याला कुंकू लावायचं काम माझ्याकडे आलं. मी कुंकू लावताना त्याच्या भुवया नीट बघून घेतल्या. डाव्या भुवईवर माझ्याच हातची जुनी खूण होती, ती अजून हुळहुळी दिसत होती. त्याच्या लक्षात आलं. तो हसला. मी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि मागे झालो.

मॅचला चार दिवस राहिले होते. दुपारची वेळ. आई बाजारातून आली नव्हती. बहीण मागच्या दारी कोलंबी सोलत बसली होती. मी पाणी प्यायला गेलो तर म्हणाली, "दादा, बस जरा."

मी बसलो नाही. उभाच राहिलो.

"त्यांची बहीन आयलेली काल, फलं घेऊन," ती म्हणाली. "त्यांचा निरोप हाय. दोन राउंड नीट खेलायचं बोललेत. त्या कारखान्याच्या सायबाला दिसलं पायजे. तिसऱ्यात ते डावा हात खाली घेतील. या टायमाला खरंच घेतील. तू मार. ते पडतील."

एक कोलंबी तिच्या हातात तशीच राहिली.

"त्यांना बापाच्या जागेवर डेपोत लागायची आशा हाय," ती पुढे म्हणाली. "तुला कुठं हाय? बोलले, मेव्हन्याच्या तोंडचा घास काढून बायको घरात आनली, असं नको व्हायला."

"मंग येऊ नको बोल ना त्याला," मी म्हणालो. "घरी बस बोल."

"एकटाच उभा राहिलास तर सायेब घेनार नाय तुला. मॅच बघितल्याशिवाय घेनार नाय, असं लिवलंय ना कागदात?"

हे खरं होतं. कारखान्याचा कागद घरात मीच वाचून दाखवला होता. पण खरी गोष्ट सांगून तिच्या पाठोपाठ खोटी गोष्ट आत सारतात, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "कोनासमोर बोलली ती?"

"कोनासमोर बोलनार? मोरीवर भांडी घासत होतो दोघी."

"म्हंजे साक्षीला कोन नाय."

"दादा, मी हाय ना."

आता लिहितानाही हे वाक्य जड जातं. ती सतरा-अठरा वर्षांची. लहानपणी मी मार खाऊन आलो की माझी प्रत्येक जखम तिने हळद लावून बांधलेली. माझ्याशी ती एकदाही खोटं बोलली नव्हती, अगदी लाडवाच्या डब्यावरूनही नाही. आणि मी तिला म्हणालो, "साखरपुडा झाला नी तू त्यांची झालीस."

"तुझी शपत, दादा."

"शपत घ्यायला पन त्यांनीच शिकवलं का?"

ती रडली नाही. हातातली कोलंबी सोलून तिने वाडग्यात टाकली, मग पुढची घेतली. मी पाणी न पिताच परत गेलो.

ते चार दिवस मी विचार करण्यात घालवले आणि प्रत्येक विचार त्याच ठिकाणी येऊन थांबायचा. समजा, माझ्याशी लढणाऱ्या माणसाला मला आत ओढायचंय. त्याचा डावा हात आता मला ओढू शकत नाही, कारण तो डाव मला पाठ झालाय. मग तो काय करेल? ज्या माणसावर माझा विश्वास आहे त्याच्या तोंडून सांगेल की या वेळी दार खरंच उघडं आहे. मी असतो तर हेच केलं असतं. मला एवढं सुचतं तर त्याला का सुचणार नाही? बहीण खोटं बोलत नसेल, पण तिला खोटं सांगितलं असेल. असं ठरवल्यावर मला जरा बरंही वाटलं, कारण मग तिचा दोष उरत नव्हता. पण हे मी तिला जाऊन सांगितलं नाही. मास्तरांनाही काही बोललो नाही. ते म्हणाले असते, हुंग.

वाशीला मोकळ्या मैदानात मांडव घातला होता. चहूबाजूंनी अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती, त्यांच्या बांबूंवर चढून माणसं बसलेली. पहिल्या रांगेत कारखान्याचा साहेब, मांडीवर वही. माझे वडील मागे उभे, हातात घडी केलेली पिशवी. बहीण अर्थातच आली नव्हती. होणाऱ्या नवऱ्याची आणि भावाची मॅच बघायला मुलगी येते का कुठे?

मी ग्लोव्हज हुंगले. रेफ्रीने तोंड वाकडं केलं. काही वास आला नाही, नुसता जुन्या चामड्याचा.

पहिले दोन राउंड आम्ही नीट खेळलो. तो खरोखर चांगला खेळला. माझं अर्धं डोकं मॅचमध्ये आणि अर्धं मागच्या दारी, त्यामुळे मी उशिरा पोचत होतो. दोन्ही राउंड त्याचे झाले असणार, हे मला माझ्या बरगड्यांवरून कळत होतं. मास्तर कानात म्हणाले, "आता पाडल्याशिवाय नोकरी नाय. समजलं?"

तिसऱ्या राउंडला घंटा झाली. पहिलं अर्धं मिनिट तो माझ्याभोवती फिरला. मग त्याचा डावा हात खाली आला.

तो उरणला आला होता तसा हळूहळू आला नाही. सरळ आला आणि कमरेशी थांबला. गाल, कान, जबडा, सगळं उघडं. मी एक पाऊल मागे घेतलं. इतकं घोकलेलं की पाय आपोआप मागे गेला. त्याने हात वर घेतला, परत फिरला, परत खाली आणला. या वेळी तो स्वतः पुढे सरकला, जवळजवळ माझ्या हाताच्या अंतरावर. मी मागे. लोक ओरडायला लागले. बांबूवरून कोणीतरी म्हणालं, "नुरा कुस्ती! आपसात ठरलंय यांचं!" रेफ्रीने खेळ थांबवून मला ताकीद दिली की लढत नाहीस, पॉइंट जाईल. मी मान हलवली.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा आमची डोकी एकमेकांना लागली. त्याच्या तोंडातल्या रबराच्या आडून शब्द आला, "ये ना."

आजवर त्या दोन शब्दांचा मी किती वेगवेगळ्या तऱ्हेने अर्थ लावला असेल! त्या दिवशी मला ते आव्हान वाटलं. ये ना, हिंमत असेल तर. आणि तो हसत होता असंही मला दिसलं. पण दात पुढे असलेल्या माणसाचं तोंड रबर घातल्यावर हसल्यासारखंच दिसतं, हे मला फार उशिरा सुचलं. मी दोरापर्यंत मागे गेलो. त्याने तिथे येऊन माझ्यासमोर दोन्ही हात खाली सोडले. दोन्ही! मी त्याच्या उजव्या खांद्याकडे बघत राहिलो, तो केव्हा हलतो ते. तो हलला नाही. घंटा झाली.

निकाल जासईवाल्याच्या बाजूने लागला. पहिले दोन राउंड त्याचे, तिसऱ्यात कोणीच मारलं नाही, आणि माझा ताकिदीचा एक पॉइंट गेला. रेफ्रीने त्याचा हात वर केला तेव्हा तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्याचं काहीतरी चोरलं होतं. खाली उतरून तो सरळ कारखान्याच्या साहेबाकडे गेला. मला ऐकू येईल इतक्या अंतरावर मी होतो. "सायेब, ही जागा त्याला द्या," तो म्हणाला. "मला दुसरीकडं काम हाय."

साहेबाने वही मिटली. "तिसऱ्या राउंडमध्ये काय चाललं होतं ते लोकांनी बघितलंय," तो म्हणाला. "अजून एक शब्द बोललात तर दोघांनाही नाही. तुमच्या वजनाची जागाच रद्द करतो."

जासईवाल्याने सही केली. वडिलांनी पिशवी उलगडून माझे ओले कपडे तिच्यात भरले. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले की, जावयाचा मान राहिला.

घरी बहीण दारातच उभी होती. निकाल तिला आधीच कळला होता, गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मारल्याशिवाय मानूस पडनार कसा, दादा?" आणि आत गेली.

मी तेव्हाही म्हणालो, म्हणजे मनात म्हणालो, की शेवटी त्याचा उजवा आलाच असता. मी आत शिरलो असतो तर आलाच असता. साहेबापाशी तो जे बोलला तेही लोकांना ऐकू जावं म्हणून बोलला. हे सगळं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत होतो. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर ताक ओतूनच दिलं आणि वर म्हणत राहिलो की ते दूधच होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणायचं, ही रीत. सगळे हसत भोवती गोळा झाले. मी कान धरला आणि पिळला. जरा जास्तच पिळला असेल. जासईवाला माझ्या बाजूला झुकून हळूच म्हणाला, "एवढाच जोर तवा लावला अस्ता." बाकीच्यांना ऐकू गेलं नाही. मला राग आला, लाज वाटली, आणि पहिल्यांदाच वाटलं की हा तेव्हा खरं बोलत होता. बहिणीने ऐकलं असावं. ती मुंडावळ्यांच्या आडून समोर बघत होती.

त्या नोकरीवर तिचा संसार नीट चालला. कारखान्याची टीम दोन-तीन वर्षांत मोडली, पण नोकरी कायम होती ती राहिली. मी काही दिवस इकडे-तिकडे करून नेरूळच्या एका नव्या सोसायटीत वॉचमन झालो. गेटवर माझ्यासारखा माणूस सोसायटीला फायद्याचा. दूधवाल्यालाही मी रोज नाव विचारायचो.

बहीण माहेरी यायची, सणाला, बाळंतपणाला. माझ्याशी नीट बोलायची. भांडण म्हणून काही नव्हतंच. फक्त एक गोष्ट बदलली होती, आणि ती माझ्या लक्षात यायला वर्ष-दीड वर्ष गेलं. तिने मला काहीही सांगितलं की त्याच्यापुढे जोडायची, "आईला विचार हवं तर." पनवेलची गाडी उशिरा आली, विचार हवं तर. पोराला ताप होता, डॉक्टरचा कागद दाखवते. तिच्या सासरी पहिल्यांदा टीव्ही आला तेव्हाही म्हणाली की शेजारची आलीय सोबत, तिला विचार. ती चिडून म्हणत नव्हती. माझ्यासाठी ताट वाढताना मीठ बाजूला वाढावं तसं ते वाढायची. मला वाटायचं, एक दिवस तिला सांगावं की अगं, पुरे. पण सांगायचं म्हणजे मोरीवरचा तो निरोप खरा होता हे तोंडाने कबूल करायचं. ते माझ्याने झालं नाही.

आई नातवाचं जावळ काढायचं म्हणून जासईला गेली होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी गेटवर खुर्ची टाकून बसलो होतो, तर रस्त्याच्या पलीकडून दोन माणसं येताना दिसली. दोघांना मी ओळखत होतो. जासईची, जावयाच्या भावकीतली.

आमच्या गावांकडे आजारपणाचा निरोप एक माणूस आणतो. मरणाचा निरोप एकट्याने नेऊ नये म्हणतात, त्यासाठी दोघं येतात. हे सगळ्यांना माहीत असतं. निरोप सांगायच्या आधीच, दोन माणसं बघून बाया रडायला लागतात. मी खुर्चीतून उठलो आणि गेटचा लोखंडी दांडा धरला. त्यांना आत घ्यायचंही सुचलं नाही. आई, एवढंच मी म्हणालो, आणि गेटपाशीच खाली बसलो. कचरा उचलणारी बाई धावत आली.

"अरे नाय नाय!" त्यातला थोरला घाईघाईने गेटमधून हात घालून माझा खांदा हलवायला लागला. "जिती हाय आई. पडली ओट्यावरून. पाय मोडलाय. तुझं नाव घेते, म्हनून नेयाला आयलोय."

"मंग दोघं कशाला आलात?" मी ओरडलो. खरोखर ओरडलो. "दोघं कशाला?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा खाली बघून म्हणाला, "आमी बोललो वयनीला, एकच जातो, दोघं गेलो तर मानूस भलतंच समजल. तर वयनी बोलली, एकाच्या सांगन्यावर माझा दादा इस्वास ठेवनार नाय. दोघं जा."

मी उठलो. तोंडावर पाणी मारलं, सेक्रेटरींना सांगितलं, शर्ट बदलला आणि त्यांच्याबरोबर निघालो. पनवेलला गाडी बदलली. जासईच्या एस.टी.त जागा होती, तिघं एका बाकावर बसलो असतो. पण मी थोरल्याला पुढे खिडकीपाशी बसवलं आणि धाकट्याला मागच्या बाकावर, आणि आधी एकाशेजारी, मग दुसऱ्याशेजारी बसून, दोघांना वेगवेगळं विचारलं की आई खरंच जिवंत आहे ना.

दोघांनीही एकच सांगितलं.